फ्लॉरेन्स पहिल्यांदा पाहताना: चौकातून आत शिरा

युरोपच्या सहलीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुधा एक दुपार येते. बस गावाबाहेर थांबते, गट चालत दुओमोपाशी, म्हणजे इथल्या कॅथेड्रलपाशी, पोचतो, फोटो होतात, मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्याची प्रतिकृती बघून होते आणि संध्याकाळी पुढच्या गावाचा रस्ता धरला जातो. तेवढाच वेळ असेल तर तेवढ्यासाठीही जरूर जा. पण आखणी तुमच्या हातात असेल, तर माझं आग्रहाचं सांगणं आहे की इथे किमान तीन रात्री राहा, आणि तिकिटांची यादी करण्याआधी चौकांची यादी करा.

इटालियनमध्ये चौकाला पियात्सा म्हणतात. फ्लॉरेन्समधलं जवळजवळ प्रत्येक मोठं चर्च एखाद्या पियात्साकडे तोंड करून उभं आहे, आणि ते कोणी बांधलं, कोणाच्या पैशाने बांधलं, कोणाला दाखवायला बांधलं, हे त्या चौकात उभं राहिलं की कळायला लागतं. इथे राजा फार उशिरा आला. त्याआधीची कित्येक शतकं हे गाव लोकर, रेशीम आणि सावकारी यांवर उभ्या असलेल्या गिल्डांचं, म्हणजे व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या संघटनांचं होतं. त्यामुळे चर्च, वाडा आणि चौक या तीन गोष्टी एकमेकांपासून सोडवून बघितल्या तर नुसती संगमरवराची गर्दी उरते. आधी चौकात थोडं थांबा, मग दर्शनी भिंत वाचा, मग आत जा. आत गेल्यावर सगळं बघायचा हट्ट नको. एका चर्चमध्ये दोन-तीन गोष्टी नीट बघितल्या तरी भरपूर झालं.

निघण्यापूर्वी

रेल्वेच्या वेळापत्रकात या गावाचं नाव फिरेन्झे असं असतं आणि उतरायचं स्थानक आहे फिरेन्झे सांता मारिया नोव्हेल्ला. रोमहून वेगवान गाडीने साधारण दीड तास लागतो. विमानाने येणार असाल तर टी२ ट्राम विमानतळावरून थेट या स्थानकाजवळ आणून सोडते. मुक्काम स्थानक आणि सांता क्रोचे यांच्या मधल्या भागात किंवा नदीपलीकडे घ्या. मग सगळं पायी होतं. गाडी भाड्याने घेऊन गावात शिरू नका. जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाचं पत्र घरी येतं.

पत्ता शोधताना एक गोष्ट माहीत असू द्या. इथे घरांचे क्रमांक निळ्या-काळ्या रंगात आणि दुकानांचे लाल रंगात, असे दोन वेगळे क्रम एकाच रस्त्यावर चालतात. लाल क्रमांकापुढे पत्त्यात आर हे अक्षर लिहितात. म्हणजे १२ आणि १२ आर यांच्यात शंभर पावलांचं अंतर असू शकतं.

आधीच काढून ठेवायची तिकिटं चारच: दुओमोच्या घुमटाची चढण, उफिझी संग्रहालय, डेव्हिडचा मूळ पुतळा असलेलं अकादेमिया आणि नदीपलीकडचं ब्रांकाच्ची चॅपल, म्हणजे चर्चमधलं छोटं प्रार्थनास्थान. बाकीची तिथे जाऊन काढता येतात. उफिझी आणि अकादेमिया सोमवारी बंद असतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं मोफत असतात, पण त्या दिवशीच्या रांगा पाहता तो वाचलेला पैसा वेळेच्या रूपाने जातो. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असतात; तो वेळ चौकांसाठी आणि रस्त्यांसाठी ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात पिशवीत एक ओढणी किंवा स्टोल ठेवला की काम भागतं. पायात जुने, सवयीचे बूट घाला, कारण सगळीकडे दगडी फरसबंदी आहे. आणि खिशात थोडी नाणी ठेवा. कितीतरी चॅपलमधला दिवा पेटीत नाणं टाकल्यावरच लागतो.

पहिली सकाळ: दुओमोचा चौक

सकाळी आठच्या आत इथे या. या वेळी चौक रिकामा असतो आणि तीन इमारती एकमेकींशी कशा उभ्या आहेत ते दिसतं: मधे कॅथेड्रल, बाजूला घंटाघर, समोर अष्टकोनी बाप्तिस्मागृह.

सगळ्यात जुनं आहे ते बाप्तिस्मागृह, सान जोव्हान्नी. १०५९ साली त्याचं पवित्रीकरण झालं. कवी दांतेचा बाप्तिस्मा इथेच झाला. पूर्वेच्या बाजूला, कॅथेड्रलच्या समोर, सोनेरी दरवाजे आहेत आणि त्यांच्यापुढे कायम गर्दी असते. हे लोरेंझो गिबेर्तीने १४२५ ते १४५२ या काळात घडवलेल्या दरवाजांची प्रतिकृती. मूळ दरवाजे कॅथेड्रलच्या मागच्या संग्रहालयात, हवाबंद काचेमागे आहेत आणि तिथे ते अगदी हाताच्या अंतरावरून बघता येतात. त्याआधीच्या दरवाजासाठी १४०१ मध्ये स्पर्धा झाली होती. गिबेर्ती ती जिंकला, फिलिप्पो ब्रुनेलेस्की हरला. दोघांचे स्पर्धेतले ब्राँझचे नमुने बार्जेल्लो संग्रहालयात शेजारी शेजारी लावले आहेत. वेळ मिळाला तर ते बघून स्वतः ठरवा की तुम्ही कोणाला निवडलं असतं. बाप्तिस्मागृहाच्या छतावर सोनेरी मोझेइक आहे. त्याच्या जतनाचं मोठं काम हाती घेतलेलं आहे, त्यामुळे आत परांची बांधलेली असू शकते.

आता कॅथेड्रल, सांता मारिया देल फिओरे. १२९६ मध्ये आर्नोल्फो दि कांबियोने ते सुरू केलं. ज्या हिरव्या-पांढऱ्या-गुलाबी दर्शनी भिंतीचे सगळे फोटो काढतात, ती मात्र या इमारतीचा सगळ्यात नवा भाग आहे. अर्धवट राहिलेली जुनी भिंत १५८७ मध्ये पाडली, तीनशे वर्षं समोरची बाजू ओकीबोकी राहिली आणि आजची भिंत १८८७ मध्ये पुरी झाली. म्हणून समोर फार वेळ घालवू नका. दक्षिणेच्या बाजूने चालत चालत मागे जा. तिथे घुमट अंगावर येतो.

या घुमटासाठीच मी नवख्या माणसाला इथे पहिल्यांदा आणते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला कॅथेड्रलच्या डोक्यावर सुमारे ४५ मीटर रुंदीचं अष्टकोनी भगदाड होतं. त्यावर घुमट घालायचा हे ठरलेलं होतं, पण कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एवढ्या रुंदीला खालून लाकडी आधार देणं परवडणारं नव्हतं. स्पर्धेत हरलेल्या ब्रुनेलेस्कीने १४२० मध्ये आधाराशिवाय काम सुरू केलं. त्याने एकात एक असे दोन घुमट रचले, मधे पोकळी ठेवली, दगड आणि लाकडाच्या साखळ्यांनी ते कंबरपट्ट्यासारखे आवळले. विटा आडव्या थरांत घालताना ठरावीक अंतराने एक उभी वीट घातली, की चुना ओला असतानाही वरचा थर आत घसरू नये. ओझी वर चढवायला त्याने बैलांवर चालणारं यंत्र केलं, त्यात बैलाची दिशा न बदलता ओझं वर किंवा खाली नेता येत असे. १४३६ मध्ये घुमट पुरा झाला. ब्रुनेलेस्की १४४६ मध्ये गेला. त्याची समाधी याच कॅथेड्रलच्या तळघरात आहे.

चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. वाट त्या दोन घुमटांच्या मधल्या पोकळीतून जाते, अरुंद आणि वाकडी. गुडघ्यांचा किंवा हृदयाचा त्रास असेल, बंद जागेची भीती असेल, तर जाऊ नका. बाकीच्यांनी जरूर जावं, आणि नुसतं वरचं दृश्य बघायला धावू नये. वाटेत हाताशी येणाऱ्या विटांची रचना बघावी. घुमटाचं छायाचित्र घ्यायचं असेल तर जॉत्तोच्या घंटाघरावर चढणं जास्त सोयीचं, ४१४ पायऱ्या, कारण तिथून घुमट समोर दिसतो. जॉत्तोने ते १३३४ मध्ये सुरू केलं आणि तीन वर्षांनी तो वारला. पुढचं काम दुसऱ्यांनी १३५९ पर्यंत पुरं केलं.

कॅथेड्रलमध्ये प्रवेश मोफत आहे, रांग लांब असते, आतलं वातावरण बाहेरच्या मानाने साधं आहे. दोन गोष्टी शोधा. दारावरच्या भिंतीवर पाओलो उच्चेल्लोने १४४३ मध्ये रंगवलेलं घड्याळ आहे: चोवीस तासांचं, उलट्या दिशेने फिरणारं, दिवस सूर्यास्तापासून मोजणारं. दुसरी गोष्ट दिसत नाही, आठवावी लागते. २६ एप्रिल १४७८ रोजी इथे प्रार्थना चालू असताना पाझ्झी घराण्याच्या कटातल्या माणसांनी जुलिआनो दे मेदिचीला भोसकून मारलं; गावाची सूत्रं तेव्हा मेदिची या सावकार घराण्याच्या हातात होती. त्याचा भाऊ लोरेंझो जखमी होऊन पूजासामग्रीच्या खोलीत लपला आणि वाचला. पुढे जे जे मेदिचींचं बघाल, त्यामागे हा दिवस आहे.

बाहेर पडल्यावर कॅथेड्रलच्या मागे फरशीत बसवलेली पांढरी गोल शिळा शोधा. घुमटाच्या टोकावरचा सोनेरी गोळा सन १६०० च्या सुमारास वीज पडून खाली आला, तो इथे पडला.

ओर्सानमिकेलेवरून सिन्योरियाकडे

दुओमोहून दक्षिणेला व्हिया देइ काल्झायुओली हा रस्ता जातो. याच्या अर्ध्यावर एक चौकोनी, उंच, चर्चसारखी न दिसणारी इमारत आहे. लोक तिच्यासमोरून आइस्क्रीम खात निघून जातात. हे ओर्सानमिकेले. मुळात हा धान्याचा बाजार होता, वर कोठार आणि खाली व्यापार. नंतर खालच्या कमानी बुजवून चर्च केलं. बाहेरच्या कोनाड्यांत एकेका गिल्डने आपापल्या संताचा पुतळा उभारला, आणि चढाओढीने त्या काळातले उत्तमोत्तम शिल्पकार लावले: दोनातेल्लो, गिबेर्ती, व्हेरोक्यो. बाहेर आता प्रतिकृती आहेत, मूळ पुतळे बहुतेक वरच्या मजल्यावर आहेत. दगड आणि लाकूडकाम करणाऱ्यांच्या गिल्डचा कोनाडा चुकवू नका. चार संतांच्या पायाखालच्या पट्टीत पाथरवट काम करताना कोरले आहेत, कोणी भिंत बांधतो आहे, कोणी पुतळा घडवतो आहे. या गावाची ओळख करून देणारं याहून चांगलं शिल्प मला माहीत नाही.

रस्ता संपतो तिथे पियात्सा देल्ला सिन्योरिया. दुओमोचा चौक देवाचा, हा सत्तेचा. समोरचा किल्ल्यासारखा पालात्सो वेक्क्यो १२९९ मध्ये प्रजासत्ताकाच्या कारभाऱ्यांसाठी सुरू झाला, आणि आजही नगरपालिका इथेच बसते. त्याचा मनोरा ९४ मीटर उंच आहे.

या चौकात पुतळे सजावटीसाठी ठेवलेले नाहीत. प्रत्येकामागे राजकारण आहे. मायकेलअँजेलोचा डेव्हिड १५०४ मध्ये वाड्याच्या दाराशी उभा केला, कारण बलाढ्याला हरवणारा पोरगा हे छोट्या प्रजासत्ताकाला आपलं चित्र वाटत होतं. मेदिची नुकतेच हद्दपार झाले होते. १८७३ मध्ये मूळ पुतळा अकादेमियात हलवला. इथली प्रतिकृती १९१० ची. पुढे मेदिची सरदार म्हणून परत आले, आणि कोझिमो पहिला याने समोरच्या उघड्या कमानींच्या मंडपात, लोजा देइ लांझीमध्ये, चेल्लिनीचा पर्सियस उभा करवला. पर्सियस हा ग्रीक कथेतला वीर; त्याच्या हातात मेडुसा या राक्षसीचं कापलेलं डोकं आहे. चौकात जमणाऱ्या लोकांना त्याचा अर्थ सांगावा लागला नसेल. हा मंडप उघडा आणि मोफत आहे.

नेपच्यूनच्या कारंज्याजवळ फरशीत एक गोल फलक आहे. जिरोलामो सावोनारोला या संन्याशाला २३ मे १४९८ रोजी इथे फाशी देऊन जाळलं. वर्षभरापूर्वी त्यानेच याच चौकात आरसे, दागिने, चित्रं, पुस्तकं यांची होळी पेटवली होती. त्याच्या काळात वाड्यात नागरिकांच्या सभेसाठी पाचशेंचं दालन बांधलं गेलं, सुमारे ५४ मीटर लांब. मेदिचींनी ते ताब्यात घेऊन वासारी या चित्रकार-वास्तुकाराकडून आपल्या विजयांनी रंगवून घेतलं. आत गेलात तर उजव्या बाजूच्या मोठ्या लढाईच्या चित्रात वरच्या अंगाला हिरव्या झेंड्यावर दोन शब्द आहेत, चेर्का त्रोव्हा, म्हणजे शोध, सापडेल. अक्षरं बारीक आहेत; मोबाइलचा कॅमेरा कामी येतो. वाड्याचं पहिलं अंगण बिनतिकिटाचं आहे. गुरुवारी वाडा दुपारी लवकर बंद होतो.

उफिझी याच चौकाला लागून आहे. ते वेगळ्या दिवशी, सकाळी पहिल्या वेळेला घ्या. एका दिवसात दुओमो, वाडा आणि उफिझी कोंबलं की संध्याकाळी एकही चित्र आठवत नाही.

वाड्याची भिंत कशी वाचावी

दुसऱ्या दिवशी दुओमोच्या उत्तरेला पालात्सो मेदिची रिक्कार्दीपाशी जा. बाहेरून करडा, आडदांड, आत उजळ अंगण आणि भोवती खांबांची ओसरी. पुण्यातला जुना वाडा पाहिलेल्या माणसाला ही मांडणी लगेच कळते. मिकेलोत्सोने १४४४ पासून कोझिमो या सावकारासाठी तो बांधला. हा थोरला कोझिमो, आधी आलेला त्याच्या घराण्यातला नंतरचा. कोझिमोला पदवी नव्हती, पण गाव त्याच्या शब्दावर चालत होतं आणि ते फार दिसू नये याची तो काळजी घेई. वासारीने लिहून ठेवलं आहे की ब्रुनेलेस्कीचा आराखडा फार दिमाखदार वाटल्यामुळे त्याने बाजूला ठेवला.

आता भिंत खालून वर बघा. तळमजल्याचे दगड ओबडधोबड, बाहेर आलेले. दुसऱ्या मजल्याचे कापून सपाट केलेले, फक्त सांधे खोल. तिसरा मजला पूर्ण गुळगुळीत. खाली जरब, वर सभ्यता. भिंतीच्या पायथ्याला दगडी बाक आहे, काम घेऊन येणारे लोक तिथे ताटकळत. लोखंडी कड्या घोडे बांधायला, त्यावरच्या पकडी मशालींसाठी. कोपऱ्यावर ढाल आणि तिच्यावर गोळे दिसले की घर मेदिचींचं. हे एकदा डोळ्यात बसलं की बाकीचे वाडे तुम्हीच ओळखाल. पालात्सो स्त्रोझ्झी तर नक्की बघा. मेदिचींच्या प्रतिस्पर्धी घराण्याने तो १४८९ मध्ये सुरू केला, आणि छपराखालची भव्य दगडी कांगणी तो पुरा होण्याआधीच कशी थांबली तेही दिसतं. त्याच्या अंगणात बसायला पैसे पडत नाहीत.

मेदिची वाड्यात वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली आहे, बेनोत्सो गोत्सोलीने १४५९ मध्ये रंगवलेलं घरचं चॅपल. चारी भिंतींवर बाळ येशूला भेटायला निघालेल्या तीन राजांची मिरवणूक डोंगरातून वळत येते, आणि मिरवणुकीतले चेहरे मेदिचींचे. एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात. बुधवारी वाडा बंद असतो.

बाहेर पडलात की शेजारीच सान लोरेंझो. विटांची उघडी, रांगेत कंगोरे निघालेली भिंत बघून बरेच जण आत न जाताच वळतात. मायकेलअँजेलोने तिच्यासाठी संगमरवरी दर्शनी भिंतीचा आराखडा केला होता, पण काम रद्द झालं आणि भिंत तशीच राहिली. आत मात्र ब्रुनेलेस्कीने करड्या दगडाच्या आणि पांढऱ्या गिलाव्याच्या मोजमापातून जी शांतता उभी केली आहे, तिच्यासाठी इथे यायला हवं. हे मेदिचींचं घरचं चर्च आणि त्यांच्या समाध्यांची जागा.

सगळ्यात सुंदर चौक

पियात्सा सांतिस्सिमा आनुन्झिआता मला या गावात सगळ्यात आवडतो, आणि इथे पर्यटक कमीच थांबतात. तीन बाजूंना कमानींच्या ओसऱ्या, मधे घोड्यावर स्वार झालेला मेदिची घराण्यातला फर्दिनान्दो, आणि सागरी राक्षसांची दोन कारंजी. पूर्वेकडच्या ओसरीपासून सगळं सुरू झालं. १४१९ मध्ये रेशमाच्या गिल्डने टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम बांधायचं ठरवलं आणि काम ब्रुनेलेस्कीला दिलं. बारीक खांबांवरच्या नऊ कमानी आणि त्यांच्या मधे निळ्या गोलात कापडात गुंडाळलेली तान्ही बाळं. ही चकाकी दिलेल्या भाजक्या मातीची शिल्पं आंद्रेआ देल्ला रॉब्बियाने १४८७ मध्ये बसवली. पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत चौकाच्या इतर बाजू याच ओसरीशी जुळवून बांधल्या गेल्या.

१४४५ मध्ये पहिलं मूल इथे आलं. आत संग्रहालय आहे, ते टाळू नका. आयांनी मुलांसोबत ठेवलेल्या खुणा लहान लहान खणांत मांडल्या आहेत. बऱ्याच खुणा अर्ध्याच आहेत, तोडलेलं पदक, तोडलेलं नाणं. उरलेला अर्धा भाग आईजवळ राहायचा, कधी परत आली तर ओळख पटावी म्हणून. वर गच्चीवर उपाहारगृह आहे आणि तिथून घुमट फार जवळ दिसतो.

मुलं बरोबर असतील तर त्यांना फर्दिनान्दोच्या पुतळ्याच्या मागे न्या. चौथऱ्यावर ब्राँझच्या मधमाश्यांची वर्तुळं आहेत. बोट न लावता त्या मोजायच्या असा इथला जुना खेळ आहे.

जवळच सान मार्कोचा मठ. भिक्षूंच्या एकेका कोठडीत फ्रा अँजेलिकोने एकेक भित्तिचित्र काढलं आहे. जिना चढताना समोर येणाऱ्या गाब्रिएल देवदूताच्या चित्रासाठी जिन्यावरच थांबा. ते तिथूनच बघायला काढलेलं आहे. सावोनारोला याच मठाचा प्रमुख होता आणि त्याची खोलीही आहे.

दोन टोकांची दोन चर्च

तेराव्या शतकात दोन नवे भिक्षुसंघ गावात आले. फ्रान्सिस्कन पूर्वेला बसले, डोमिनिकन पश्चिमेला. दोघांनाही प्रवचनाला जमणाऱ्या गर्दीसाठी मोकळी जागा हवी होती, म्हणून सांता क्रोचे आणि सांता मारिया नोव्हेल्ला यांच्यापुढे एवढे मोठे चौक आहेत.

सांता मारिया नोव्हेल्ला स्थानकासमोरच आहे, त्यामुळे शेवटच्या दिवशी गाडीपूर्वी बघता येतं. लिओन बात्तिस्ता अल्बेर्तीची १४७० ची दर्शनी भिंत, आत डाव्या भिंतीवर मासाच्चोचं पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या ख्रिस्ती त्रैक्याचं चित्र. सपाट भिंतीत खोल गाभारा आहे असा भास प्रथमच इतक्या काटेकोर गणिताने उभा केला तो इथे. थोडं मागे सरकून बघा.

सांता क्रोचेला मात्र अर्धा दिवस द्या. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, मॅकियाव्हेली, रोस्सिनी यांच्या समाध्या आत आहेत. गॅलिलिओला चर्चने दोषी ठरवलं होतं. १६४२ मध्ये तो वारला आणि मानाची समाधी मिळायला १७३७ उजाडलं. दांतेची समाधी रिकामी आहे. ज्या गावाने त्याला हद्दपार केलं, त्याला त्याच्या अस्थी राव्हेन्ना शहराने कधी दिल्या नाहीत. वेदीच्या उजवीकडे जॉत्तोने रंगवलेली दोन चॅपलं, बार्दी आणि पेरुझ्झी, इथे नाणं घाला आणि संत फ्रान्सिसच्या मृत्यूभोवती जमलेल्या भिक्षूंचे चेहरे बघा.

हा गावातला सखल भाग आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीला पूर आला तेव्हा सगळ्यात जास्त पाणी इथे चढलं, तेलाच्या टाक्यांचं तेल मिसळलेलं, चिखलाचं. चिमाबुएचा तेराव्या शतकातला लाकडी क्रूस पाण्यात सापडला आणि त्याचा बराचसा रंग वाहून गेला. तो आज चर्चमध्येच आहे. गेलेला भाग पुन्हा रंगवून खोटा पुरा केलेला नाही, बारीक रेषांनी फक्त शांत केला आहे. चिखल उपसायला देशोदेशीची तरुण मुलं आली होती. आसपासच्या गल्ल्यांत भिंतींवर, डोक्याच्या बऱ्याच वर, त्या दिवशीच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पाट्या आहेत.

नदीपलीकडे

पोन्ते वेक्क्यो १३४५ चा. आधी त्यावर खाटकांची दुकानं होती. १५९३ मध्ये ती हलवून सोनारांना जागा दिली. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने गावातले बाकी सगळे पूल उडवले, हा तेवढा ठेवला. दुकानांच्या डोक्यावरून जाणारी बंद वाट वासारीने १५६५ मध्ये बांधली, मेदिचींना कचेरीतून पित्ती वाड्यात रस्त्यावर न उतरता जाता यावं म्हणून.

पूल ओलांडला की डावीकडे सांता फेलिचिता हे लहान चर्च आहे. दाराजवळच्या उजव्या चॅपलमध्ये पोन्तोर्मोचं क्रूसावरून उतरवण्याचं चित्र आहे, गुलाबी आणि फिक्या निळ्या रंगांत तरंगणारं. इथे गर्दी नसते. पित्ती वाडा आणि बोबोली बाग मोठ्या आहेत. पहिल्या भेटीत त्यांतली बाग पुरे. वाड्याऐवजी पियात्सा सांतो स्पिरितोमध्ये सकाळी भाजीचा बाजार बघा आणि ब्रुनेलेस्कीच्या साध्या भिंतीच्या चर्चमध्ये जा. पुढे कार्मिने चर्चमध्ये ब्रांकाच्ची चॅपल. तिथे मासाच्चोने स्वर्गातून हाकललेले आदम आणि ईव्ह रंगवले आहेत. ईव्हचं उघडं तोंड विसरता येत नाही.

संध्याकाळी बहुतेक लोक पियात्साले मिकेलान्जेलोवर सूर्यास्ताला थांबतात. तुम्ही आणखी थोडं वर सान मिनिआतोला जा. हजार वर्षं जुनं चर्च, हिरव्या-पांढऱ्या संगमरवराचं, फरशीत १२०७ ची राशिचक्राची नक्षी. संध्याकाळच्या प्रार्थनेत भिक्षू ग्रेगोरियन पठण करतात. शांत बसायचं, फोन बंद ठेवायचा.

जेवणाबद्दल थोडक्यात

शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही. रिबोल्लिता, म्हणजे पाव, काळा कोबी आणि पांढऱ्या घेवड्याची दाट आमटी, आणि पाप्पा आल पोमोदोरो, टोमॅटो-पावाची, या दोन्ही इथल्याच. मात्र रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारून घ्या. गाड्यांवर मिळणारं लांप्रेदोत्तो हे गाईच्या जठराचं असतं. इथला पाव अळणी असतो, ती इथली रीत आहे. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त, टेबलाशी बसलात तर जास्त. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. चर्चच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका.

कास्चिने बाग: कोल्हापूरच्या छत्रपतींची छत्री

मराठी माणसाने फ्लॉरेन्समध्ये जायलाच हवं अशी एक जागा सहलींच्या कार्यक्रमात सहसा नसते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावरून परतताना इथे आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. वय विशीतलं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. प्रेत जाळण्याची इथे रीत नव्हती. खास परवानगी काढून, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचा अंत्यसंस्कार झाला. इंग्लंडच्या प्रवासात त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी पुढे छापून प्रसिद्ध झाली.

त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला, आणि आतला अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांचा. रंगवलेला चेहरा, डोक्यावर पगडी, भोवती नक्षीचे खांब. गावकरी या भागाला सरळ लिंदिआनो म्हणतात, आणि शेजारून जाणारा १९७८ चा मोठा पूलही त्याच नावाने ओळखला जातो.

जायचं कसं: टी१ ट्रामने कास्चिने थांब्यावर उतरा. तो बागेच्या पूर्व टोकाला आहे आणि छत्री पश्चिमेच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे मधे साडेतीन किलोमीटरच्या आसपास सरळ, सावलीचा रस्ता. चालायचं नसेल तर भाड्याची सायकल घ्या, नदी डाव्या हाताला ठेवून थेट शेवटपर्यंत. सकाळी जा, पाण्याची बाटली बरोबर असू द्या, आणि अंधार पडायच्या आत परत फिरा. मंगळवारी सकाळी बागेत मोठा आठवडी बाजार भरतो, त्या दिवशी गेलात तर पूर्व टोकाला सायकल हातात धरून चालावं लागेल.